अख्ख्या होक्काइडोची लाईट गेली, ती परत कशी आली?

६ सप्टेंबर २०१८, पहाटेचे ३ वाजून ७ मिनिटं. जपानच्या उत्तर टोकाला असलेल्या होक्काइडो बेटाला ६.७ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. आत्सुमा गावाभोवतीच्या टेकड्या घसरून घरांवर आल्या आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर अठरा मिनिटांनी, ३ वाजून २५ मिनिटांनी, सगळ्या बेटाची वीज गेली. सुमारे २९.५ लाख घरं एकाच वेळी अंधारात. आकाराने होक्काइडो महाराष्ट्राच्या साधारण पाव भाग आहे. नागपूरपासून नांदेडपर्यंत एकही दिवा नाही असं समजा, म्हणजे अंदाज येईल.

भूकंपात खांब पडतात, तारा तुटतात, म्हणून लाईट जाते असं आपण धरून चालतो. इथे तसं झालं नव्हतं. साप्पोरोसारख्या मोठ्या शहरात बहुतेक ठिकाणी खांब जागेवर होते, तारा शाबूत होत्या, ट्रान्सफॉर्मरही धड होते. तरीही बेटावरच्या जवळपास सगळ्यांना वीज मिळायला सुमारे ४५ तास लागले. तारा धड असताना इतका वेळ का लागावा? कारण यातला बराचसा वेळ दुरुस्तीत गेलाच नाही. बंद पडलेलं ग्रिड, म्हणजे केंद्रं, लाईन आणि सबस्टेशनांचं जाळं, हळूहळू, मोजूनमापून उभं करण्यात तो गेला. तिथे घाई केली की केलेलं सगळं काम वाया जातं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. होक्काइडोत नेमकं तसंच झालं, ते पुढे येईलच.

आधी ही अठरा मिनिटं पाहू.

विजेचा साठा करून ठेवता येत नाही, निदान एवढ्या मोठ्या प्रमाणावर नाही. या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसलाय की नाही, हे सांगणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे आणि होक्काइडोतही ती ५० हर्ट्झ असते. (जपानच्या पश्चिम भागात मात्र ६० हर्ट्झ. एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी, हे एकोणिसाव्या शतकातल्या जनरेटर खरेदीचं दुखणं ते आजही काढतायत.) उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनाचा आवाज दबतो आणि वेग पडतो, जनरेटरचंही तसंच. मागणी वाढली किंवा दुसरा एखादा जनरेटर बंद पडला, तर उरलेल्यांवर ओझं येतं, त्यांची फिरण्याची गती पडते आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सीही. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायची असा नियम आहे, म्हणजे फरक दशांशाचा. त्या पहाटे होक्काइडोत ती ४६.१३ पर्यंत घसरली.

घसरली कारण सगळी भिस्त एकाच केंद्रावर होती. तोमातो-आत्सुमा हे १,६५० मेगावॉटचं कोळशावरचं केंद्र भूकंपाच्या केंद्राच्या जवळच. त्या वेळी सगळ्या बेटाची मागणी होती सुमारे ३,०९० मेगावॉट आणि तिच्यातली निम्मी एकटं हे केंद्र भागवत होतं. धक्का बसताच तिथल्या तीनपैकी दोन संचांनी स्वतःला बंद करून घेतलं. टर्बाइनची कंपनं ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की संच आपोआप बंद व्हावा, अशीच त्याची रचना असते.

पहिला फटका खरं तर यंत्रणेने झेलला. फ्रिक्वेन्सी पडताच रिलेंनी (बिघाड ओळखून लाईन तोडणाऱ्या उपकरणांनी) आपोआप सुमारे १,३०० मेगावॉटचा लोड तोडला, म्हणजे तेवढ्या भागाची लाईट घालवली. समुद्राखालच्या केबलमधून होन्शू या मुख्य बेटाकडून जास्तीची वीज ओढली. दोन मिनिटांत फ्रिक्वेन्सी पुन्हा ५० च्या आसपास आली. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

मग माणसं जागी झाली. पहाटे तीनला जमीन हादरल्यावर कोण झोपून राहील? ज्यांच्याकडे वीज शिल्लक होती त्यांनी दिवे लावले, बातम्यांसाठी टीव्ही लावले. मागणी चढू लागली. त्याच वेळी तोमातो-आत्सुमाचा उरलेला तिसरा संच दमत चालला होता, कारण त्याच्या बॉयलरच्या नळ्यांना इजा झाली होती आणि वाफेचा दाब टिकत नव्हता. रिलेंनी आणखी थोडा लोड तोडला, मग आणखी थोडा. पण तोडण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं. ३:२५ ला तिसरा संच बंद पडला, त्याच्यामागे बाकीची केंद्रंही स्वतःला वाचवायला एकेक करून ग्रिडपासून बाजूला झाली, आणि सगळं शून्यावर आलं. जपानमध्ये एखाद्या वीज कंपनीचा अख्खा प्रदेश असा अंधारात जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

वीज तयार करायलाही वीज लागते

आता ग्रिड शून्यावर आहे. मग केंद्रं सुरू करायची, झालं. अडचण अशी की औष्णिक केंद्र सुरू करायला बाहेरून वीज लागते. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे फीड पंप, भट्टीला हवा देणारे आणि धूर ओढणारे अजस्र पंखे, कोळसा दळणाऱ्या मिल, थंड पाण्याचे पंप, या सगळ्यांना मोटारी आहेत. केंद्र चालू असतं तेव्हा स्वतः बनवलेल्या विजेतली शेकडा ६ ते ९ टक्के वीज ते स्वतःच खातं. बंद असताना ही वीज ग्रिडकडून येते. आणि इथे ग्रिडच नाही.

अशा वेळी उपयोगाला येतं जलविद्युत केंद्र. धरणात पाणी उंचावर उभंच असतं. गेट उघडायला थोडी बॅटरी किंवा एखादा डिझेल जनरेटर पुरतो. पाणी टर्बाइनवर पडलं की जनरेटर फिरायला लागतो आणि काही मिनिटांत वीज तयार. कोयनेसारखी केंद्रं म्हणूनच फक्त संध्याकाळच्या वाढीव मागणीसाठी नसतात. बाहेरची कसलीच मदत न घेता शून्यातून उठण्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. प्रत्येक ग्रिडच्या नियोजनात कोणतं केंद्र आधी उठेल, ते कोणत्या लाईनने कोणाला वीज देईल, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं.

होक्काइडोत ही जबाबदारी ताकामी या जलविद्युत केंद्राकडे आली. पहाटे ४ च्या सुमाराला काम सुरू झालं. पहिलं गिऱ्हाईक होतं तोमारीचं अणुवीज केंद्र. तिथल्या तिन्ही अणुभट्ट्या २०१२ पासून बंद होत्या, पण वापरलेलं इंधन पाण्याच्या टाक्यांमध्ये ठेवलेलं होतं आणि ते थंड ठेवणारे पंप अखंड चालायला हवेत. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनरेटर आपोआप सुरू झाले होते, धोका लगेचचा नव्हता. तरीही फुकुशिमानंतरच्या जपानमध्ये ‘अणुकेंद्राला बाहेरची वीज नाही’ एवढं वाक्यच सगळ्यांची झोप उडवायला पुरेसं आहे.

ताकामीपासून एकेक लाईन, एकेक सबस्टेशन चार्ज करत, म्हणजे त्यात वीज सोडत, पुढे जायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. इथे दोन गोष्टी नडतात.

पहिली, लांबलचक हाय टेन्शन लाईन लोड नसताना चार्ज केली की तिच्या दूरच्या टोकाला व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतं. रोजच्या वापरात हे जाणवत नाही कारण लाईनवर भरपूर लोड असतो. रिकाम्या ग्रिडमध्ये मात्र हेच वाढलेलं व्होल्टेज उपकरणं जाळू शकतं. दुसरी, बंद असलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला वीज दिली की पहिल्या क्षणी तो प्रचंड करंट ओढतो, कधी कधी त्याच्या नेहमीच्या करंटच्या आठ-दहा पट. एरवी ग्रिडमध्ये शेकडो जनरेटर असतात, हा झटका त्यांच्यात विरून जातो. पण सगळ्या ग्रिडमध्ये एकच जलविद्युत केंद्र फिरत असेल तर तो सगळा त्याच्या अंगावर येतो.

सकाळी ६:२१ ला तेच झालं. ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना बेसुमार करंट वाहिला, संरक्षक रिलेंनी तो बिघाड समजून लाईन तोडली आणि सव्वादोन तास जोडत आणलेलं ते छोटंसं ग्रिड पुन्हा शून्यावर गेलं. रिलेची त्यात चूक नव्हती. त्याने त्याचं काम केलं. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी साडेसहाच्या सुमाराला परत पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी ग्रिड टिकलं. दुपारी १ च्या सुमाराला तोमारीला बाहेरची वीज मिळाली, म्हणजे वीज गेल्यानंतर साडेनऊ तासांनी. मग सुनागावासारख्या बेटाच्या मध्यावरच्या, भूकंपकेंद्रापासून लांब असलेल्या कोळशाच्या केंद्रांना सुरू होण्यापुरती वीज देता आली. ती उठली तसा ग्रिडमध्ये थोडा दम आला.

एकदम सगळ्यांना का देत नाहीत?

लोकांचा सगळ्यात जास्त संताप याच टप्प्यावर होतो. शेजारच्या गल्लीत लाईट आली, आमच्याकडे का नाही? पक्षपात असावा असंच वाटतं. कधी तो असतोही, पण बहुतेक वेळा कारण तांत्रिक असतं.

समजा आत्ता ग्रिडमध्ये ३०० मेगावॉट तयार होतायत. एकदम १०० मेगावॉटचा भाग जोडला तर फ्रिक्वेन्सी अशी कोसळेल की नुकतीच उठलेली केंद्रं पुन्हा बंद पडतील. म्हणून पाच-दहा मेगावॉटचा एक फीडर (सबस्टेशनमधून काही वस्त्यांना वीज नेणारी लाईन) जोडायचा, फ्रिक्वेन्सी सावरू द्यायची, जनरेटरने तेवढी वीज वाढवायची, मग पुढचा फीडर. गंमत अशी की लोड फार कमी असूनही चालत नाही. कोळशाचा संच अगदी थोड्या लोडवर धड चालत नाही, भट्टीतली आग अस्थिर होते. त्यामुळे संच वर आणायला लोडही वेळेवर मिळावा लागतो. ग्रिडमधल्या माणसाला एका हाताने वीज वाढवायची असते आणि दुसऱ्या हाताने तेवढीच गिऱ्हाइकं शोधायची असतात.

त्यात भर म्हणजे बराच वेळ बंद असलेला भाग चालू केला की तो नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतो. गार झालेले गिझर, गरम झालेले फ्रीज, रिकाम्या टाक्या भरायला निघालेले पंप, सगळे एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी पाच-सहा पट करंट घेते. याची कल्पना यायला होक्काइडोपर्यंत जायची गरज नाही. गावाकडे शेतपंपांना ऑटोस्विच बसवलेले असतात. लाईट आली रे आली की डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू, आणि फ्यूज उडालाच म्हणून समजा. ऑटोस्विच काढा म्हणून महावितरण वर्षानुवर्षं विनवतंय. शेतकऱ्याचीही अडचण खरी आहे, रात्री दोनला पाळीची लाईट आली तर मळ्यात जायचं कुणी? पण होतं ते असंच. आता हाच प्रकार सगळ्या बेटावर, आणि तोही आजारी ग्रिडवर.

म्हणून लाईट आल्यावर लगेच सगळं लावू नका असं सांगतात. बाकी सगळी बटणं बंद ठेवून एकच दिवा चालू सोडायचा, आणि लाईट टिकली की एकेक उपकरण लावायचं. घरातल्या एका माणसाच्या अशा वागण्याने फार काही होत नाही, पण फीडरवरच्या दोन हजार घरांनी ते केलं तर होतं.

वेगवेगळ्या ठिकाणी उठलेली ग्रिडची छोटी बेटं एकमेकांना जोडणं हे आणखी नाजूक काम. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि लहरींची वेळ जुळल्याशिवाय ब्रेकर लावायचा नाही. न जुळता लावला तर जनरेटरच्या दांड्याला असा पीळ बसतो की तो कायमचा निकामी होऊ शकतो. पूर्वी हे काम कंट्रोल रूममध्ये गोल डायलचा काटा बघत करायचे, काटा वर बाराच्या ठिकाणी हळूहळू येताना ब्रेकर मारायचा. आता यंत्र करतं, पण डायल बऱ्याच ठिकाणी अजून भिंतीवर असतो.

शेजारच्या बेटाकडून वीज का घेतली नाही, हा प्रश्न इथे पडायला हवा. होन्शूला जोडणारी ६०० मेगावॉटची केबल होतीच, तीही शाबूत. पण ती डीसी केबल, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची (घरात येते ती दिशा बदलत राहणारी एसी). दोन्ही टोकांना कन्व्हर्टर असतात, ते एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करतात. जुन्या जातीच्या कन्व्हर्टरला हे करायला दोन्ही बाजूंना आधीपासून एसी व्होल्टेज असावं लागतं. समोरचं ग्रिड मेलेलं असेल तर तो त्यात जीव ओतू शकत नाही. आपली चंद्रपूरहून पडघ्याला येणारी १,५०० मेगावॉटची डीसी लाईन याच जातीची. त्यामुळे पलीकडे वीज असूनही होक्काइडोला आधी स्वतःच्या पायावर थोडं उभं राहावं लागलं, मगच केबल कामाला आली.

तुटलेलं कधी जोडायचं

८ सप्टेंबरची पहाट उजाडेपर्यंत बहुतेक बेटाला वीज मिळाली होती. तोमातो-आत्सुमा मात्र बंदच होतं. एका संचाच्या टर्बाइनजवळ धक्क्यानंतर आग लागली होती, बाकी दोघांच्या बॉयलरच्या नळ्या फुटल्या होत्या.

टर्बाइन उघडून नुकसान तरी बघायचं म्हटलं तर तेही लगेच जमत नाही. त्याच्यातून पाचशे अंशांच्या वरची वाफ जात असते आणि आतल्या दांड्याचं वजन कित्येक टन. गरम दांडा एका जागी थांबला तर स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो, आणि हे वाकणं मिलिमीटरच्या अंशात असलं तरी पुढच्या वेळी पूर्ण गतीने फिरताना तो सगळा टर्बाइन हादरवतो. म्हणून संच बंद झाल्यावर बॅरिंग गिअर लावून दांडा तासन् तास अगदी हळू फिरवत ठेवतात, बेअरिंगना तेल चालू ठेवतात. (वीज गेल्यावर या तेलपंपासाठी बॅटऱ्या राखून ठेवलेल्या असतात. केंद्रातला माणूस अंधारात सर्वांत आधी या तेलाचा दाब बघतो, दिवे नंतर.) पूर्ण थंड व्हायला कित्येक दिवस जातात आणि त्यानंतरच झाकण उघडतं. बॉयलरमध्ये तर आत मचाण बांधून नळ्या एकेक तपासायच्या, फुटलेला तुकडा कापायचा, नवा वेल्ड करायचा, मग पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यायची. तोमातो-आत्सुमाचा पहिला संच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला, चौथ्या क्रमांकाचा २५ सप्टेंबरला आणि दुसरा १० ऑक्टोबरला. इतकं नुकसान होऊन पाच आठवड्यांत तिन्ही संच चालू करणं, हे काम माझ्या मते त्या ४५ तासांपेक्षाही मोठं होतं. त्याची बातमी मात्र फार कोणी केली नाही.

मधल्या काळात तुटवडा होताच. दिवसा वीस टक्के वीज वाचवा, असं सगळ्यांना आवाहन केलं गेलं. दुकानांनी निम्मे दिवे बंद ठेवले, सरकते जिने थांबले. १४ सप्टेंबरपर्यंत हे असंच चाललं. सक्तीचं भारनियमन न करता निभावलं, त्याला हवेचीही साथ मिळाली. सप्टेंबरमध्ये तिथे ना हीटर लागतो ना एसी. हाच भूकंप फेब्रुवारीत, साप्पोरोत बर्फ पडत असताना झाला असता तर काय झालं असतं, याची चर्चा तिथे नंतर बरीच झाली. तिकडच्या रॉकेलच्या हीटरलाही पंखा फिरवायला वीज लागते.

सगळीकडे केंद्रच मोडतं असं नाही. २१ सप्टेंबर १९९९ ला रात्री पावणेदोनच्या सुमाराला तैवान हादरलं तेव्हा मोडलं ते चुंगल्याओ इथलं मोठं सबस्टेशन आणि हाय टेन्शन लाईनचे मनोरे. तैवानची बरीचशी वीज तयार होते दक्षिणेत आणि लागते उत्तरेत, आणि ती वर नेणारा रस्ता या एका जागेवरून जात होता. दक्षिणेत केंद्रं धडधाकट, उत्तरेत तैपेई अंधारात. पुढचे काही आठवडे उत्तरेला पाळीपाळीने वीज द्यावी लागली. शिनचूच्या चिप कारखान्यांना लवकर वीज देण्यात आली. ते बंद राहिले असते तर जगभरचे कॉम्प्युटरवाले अडले असते, हा हिशेब त्यामागे होता. अशा वेळी कोण आधी हा प्रश्न तारांचा राहत नाही.

सबस्टेशनमध्ये भूकंपात आधी काय तुटतं हे मात्र जगभर जवळपास सारखंच आहे. चिनी मातीचे उभे इन्सुलेटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावरचे बुशिंग, म्हणजे तार आत शिरते तिथल्या उभ्या नळ्या. उंच, जड आणि ठिसूळ. बुडाशी जरा हललं की वरचं टोक जोरात झोकांडतं आणि मान मोडते. शिवाय शेजारच्या उपकरणाला जोडणारी तार ताठ असेल तर दोघं वेगवेगळं डोलताना एकमेकांना ओढून पाडतात. उपायही साधे आहेत. ती तार थोडी सैल ठेवायची, मातीच्या जागी सिलिकॉन रबराचे हलके इन्सुलेटर बसवायचे आणि ट्रान्सफॉर्मर पायाला बोल्टने पक्का आवळायचा. चाकांवर नुसता उभा ठेवलेला ट्रान्सफॉर्मर भूकंपात रुळावरून उतरतो, बुशिंग फुटतं, तेल सांडतं. असा मोठा ट्रान्सफॉर्मर बाजारात तयार मिळत नाही, मागणी नोंदवल्यावर बनायला वर्ष सहज जातं. जाग्यावर आवळायचे बोल्ट त्यापुढे फुकटच म्हणायचे.

आपल्याकडचं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि मुंबई-पुण्याकडचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, ते बुजवून पुढे उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू दिले गेले. वीजगृह मात्र सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या बाजूला कातळात कोरलेलं आहे. भूकंपात जमिनीखालच्या कातळातलं बांधकाम सहसा वरच्या बांधकामापेक्षा कमी हलतं. ज्यांनी ते तिथे आखलं त्यांच्या डोक्यात भूकंप नव्हता, पाण्याची उंची होती. फायदा दोन्हीचा झाला.

मधले तास कसे काढले

ग्रिड उभं राहीपर्यंत होक्काइडोत इतर कंपन्यांच्या जनरेटर बसवलेल्या गाड्या समुद्रमार्गे आल्या आणि रुग्णालयं, निवारा केंद्रं अशा ठिकाणी उभ्या राहिल्या. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या, त्यामुळे फोन चार्ज असूनही नेटवर्क गेलं.

सगळ्यात अवघड गेलं ते दूधवाल्यांना. जपानचं निम्म्याहून अधिक दूध होक्काइडोचं. धार काढायची मशिनं विजेवर, दूध थंड ठेवायच्या टाक्या विजेवर, गाईंचं पाणीही पंपावर. शंभर गाई हाताने पिळणार कोण? धार चुकली की गाईला दगडी होते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही सांगायला नको. ज्यांनी भाड्याने जनरेटर आणून, तोही शेजाऱ्यांनी वाटून घेऊन, धार काढली, त्यांचंही दूध वाया गेलं, कारण बहुतेक दूध कारखान्यांकडे स्वतःची वीज नव्हती आणि टँकर येईना. काढलेलं दूध ओतून द्यावं लागलं.

दुसऱ्या बाजूला सेइकोमार्ट या तिथल्या दुकानांच्या साखळीने बहुतेक दुकानं पहिल्याच दिवशी उघडली. बाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या बॅटरीवरून वायर आत आणून बिल करायचं यंत्र चालवलं. काही दुकानांत स्वयंपाकघर होतं आणि शेगडी गॅसची, तिथे भात शिजवून गरम गोळे करून विकले. ही तयारी आधीच करून ठेवलेली होती, त्या रात्री सुचलेली नाही.

छतावर सोलर असलेल्या जपानी घरांनाही थोडा आधार मिळाला. तिथल्या बऱ्याच इन्व्हर्टरला एक वेगळा प्लग असतो. ग्रिड गेलं की बटण फिरवून त्या प्लगवर दिवसा १,५०० वॉटपर्यंत वीज घेता येते. आपल्याकडे पीएम सूर्यघर योजनेत बसवलेले साधे ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतात आणि भर उन्हात घरात अंधार का, म्हणून लोक बसवणाऱ्याला बोलतात. त्यात बिघाड नसतो. वरती खांबावर लाईनमन तार जोडत असताना खालून कुणाच्या सोलरने त्याच तारेत वीज सोडली तर तो जागीच जाईल. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर यातल्या एकालाच जोडणारा) न लावता घरचा जनरेटर थेट बोर्डात जोडणारे हेच करत असतात.

शेवटचे काही मीटर

ग्रिड, सबस्टेशन, फीडर सगळं झालं तरी घराच्या मीटरपुढचा भाग उरतोच, आणि कोबेमध्ये सर्वांत मोठा धडा तिथेच मिळाला. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसं गेली, सुमारे २६ लाख घरांची वीज गेली. आठवड्याभरात वीज बहुतेक ठिकाणी परत आली. गॅस पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला, कारण गॅसची पाइपलाइन जमिनीत असते आणि प्रत्येक गळती खणून शोधावी लागते. वीज जोडण्याचा वेग खरोखर कौतुकाचा होता.

पण त्याच वेगाची दुसरी बाजू निघाली. पडलेल्या घरात हीटर कपड्यांच्या ढिगाखाली चालू स्थितीत राहिलेला, वायर कपाटाखाली चेंगरलेली, वर गॅसचा वास. माणसं शाळेत निवाऱ्याला गेलेली. तासांनी, कुठे दिवसांनी वीज परत आली आणि रिकाम्या घरात आग लागली. कोबेच्या ज्या १३९ आगींचं कारण कळू शकलं, त्यातल्या ८५ विजेशी संबंधित निघाल्या. तेव्हापासून जपानमध्ये घर सोडताना मेन स्विच खाली पाडायला शिकवतात आणि जोराचा धक्का बसताच आपोआप मेन पाडणारे ब्रेकर मिळतात. वीज कंपन्याही मोडक्या घरांची लाईन आधी खांबावरून तोडतात आणि मगच गल्ली चालू करतात. गल्लीतल्या धड घरांना त्यापायी आणखी काही तास अंधारात काढावे लागतात, आणि शिव्या लाईनमनला बसतात.

होक्काइडोने नंतर आपलं ग्रिड बरंच बदललं. फ्रिक्वेन्सी पडताच आपोआप तोडायच्या लोडचं प्रमाण वाढवलं. इशिकारी बंदरावर गॅसवरचं नवं केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं. ते बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, तोमातो-आत्सुमापासून लांब. मार्च २०१९ मध्ये होन्शूकडून ३०० मेगावॉटची दुसरी डीसी जोडणी आली. तिची केबल सेइकान रेल्वे बोगद्यातून जाते आणि तिचे कन्व्हर्टर नव्या जातीचे आहेत, समोरचं ग्रिड पूर्ण मेलेलं असलं तरी त्याला वीज देऊ शकणारे. भूकंप झाला तेव्हा ती जवळजवळ बांधून झाली होती, सुरू व्हायला सहा महिने उरले होते.